पुण्याचा काळोखा इतिहास पायी पाहायचा असेल तर कोठून निघावे?

वाटसरू

नमस्कार. मी बावीस वर्षे पुण्यात राहतो आहे. या शहरावर माझे मनापासून प्रेम आहे आणि म्हणूनच हा प्रश्न येथे विचारत आहे.

गेल्या महिन्यात मी माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन शनिवारवाड्यात गेलो होतो. दिल्ली दरवाजातून आत शिरलो, हजारी कारंजे पाहिले आणि तटावरून फेरी मारली. दक्षिणेकडच्या लहान दरवाजापाशी एक गृहस्थ आपल्या पाहुण्यांना अमावास्येच्या रात्री ऐकू येणाऱ्या, खून झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या ‘काका, मला वाचवा’ या हाकेची गोष्ट रंगवून सांगत होते. मुलाने ती शांतपणे ऐकून घेतली आणि परतताना मला विचारले, “बाबा, पण त्याला मारलं कोणी? आणि मारणाऱ्यांचं पुढे काय झालं?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी अर्धवट दिले. दुसऱ्याचे उत्तर मला देता आले नाही.

तेव्हापासून मनात आहे की एका सकाळी त्याला घेऊन जुन्या पेठांतून पायी हिंडावे आणि या शहरात जे वाईट घडले, ते ज्या जागी घडले त्या जागी उभे राहून त्याला सांगावे. वाडे, देवळे, नदीकाठ आणि गणेशोत्सव हे सारे सुंदर पुणे त्याने पाहिलेले आहे. आता दुसरी बाजू दाखवायची आहे, मात्र भुताखेतांच्या गोष्टी वगळून. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा. आणखी एक शंका आहे. चौदा वर्षांच्या मुलाला हे सारे एका सकाळी सांगणे योग्य होईल का?

कसबेकर

चांगला विषय काढलात. आमचे घर चार पिढ्या कसब्यात आहे, त्यामुळे सुरुवात कसबा गणपतीपासून करावी असे मी म्हणणार, आणि त्याला घराच्या ओढीपलीकडेही कारण आहे.

आपण पुण्याचा इतिहास सोन्याच्या नांगरापासून सांगतो. बाल शिवाजीच्या हातून ही जमीन नांगरून घेतली, हे लालमहालापाशी गेलेल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. पण सोन्याचा नांगर फिरवावा का लागला, हे फार थोड्यांना सांगितले जाते. १६३०च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले, गावकुसाच्या भिंती पाडल्या, गाढवाचा नांगर फिरवला आणि जमिनीत पहार ठोकून तिच्यावर फाटके जोडे टांगले. येथे पुन्हा वस्ती करणाऱ्याचे वाटोळे होईल, असा त्याचा अर्थ होता. शहाजीराजांनी आदिलशाहीविरुद्ध पाऊल उचलले होते आणि त्याची शिक्षा रयतेने भोगली. त्याच दोनतीन वर्षांत महादुष्काळ पडला. म्हणजे ज्या जमिनीवर जिजाबाई आणि दादोजी कोंडदेव मुलाला घेऊन आले, ती आधीच एकदा मेलेल्या गावाची जमीन होती.

सध्याचा लालमहाल ही अलीकडच्या काळातील बांधणी आहे, हेही मुलाला सांगावे. मूळ वाडा राहिलेला नाही. सकाळी सातच्या आत निघालात तर कसब्याचे बोळ रिकामे मिळतील आणि बोलता येईल. नऊनंतर वाहनांच्या आवाजात एकमेकांचे शब्दही ऐकू येत नाहीत.

तटाखाली

वाटसरू, आपल्या मुलाच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न करतो. उत्तर लांब होईल.

तो दिवस ३० ऑगस्ट १७७३चा. गणेशोत्सवाचे दिवस होते. नारायणराव अठरा वर्षांचे होते आणि थोरल्या माधवरावांच्या मृत्यूनंतर त्यांना पेशवाई मिळून वर्षही झाले नव्हते. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. वाड्याच्या पहाऱ्यावरील गारद्यांचा, म्हणजे भाडोत्री शिपायांचा, पगार थकला होता आणि त्यांच्या असंतोषाचा उपयोग कटवाल्यांनी करून घेतला. सुमेरसिंग, महंमद इसफ आणि खरगसिंग हे त्यांचे म्होरके होते, तर आतील सूत्रे हलवणाऱ्यांत तुळाजी पवार हे नाव येते. दुपारी गारदी आत शिरले. नारायणराव पळत काकांच्या दालनात गेले, त्यांना मिठी मारली, आणि तेथेच त्यांचे तुकडे झाले. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याला वाचवण्यासाठी त्यांच्या अंगावर पडला आणि त्यांच्याबरोबर मारला गेला. मला विचाराल तर या वाड्यात एक तरी पाटी चापाजीच्या नावाची असायला हवी.

‘ध’ चा ‘मा’ कोणी केला, याविषयी आनंदीबाईंचे नाव दोनशे वर्षे घेतले जाते. ‘धरावे’चे ‘मारावे’ त्यांनीच केले, याचा निर्विवाद पुरावा नाही. मुलाला सांगताना ही गोष्ट ‘लोक असे म्हणतात’ या शब्दांत सांगावी, कारण एका बाईच्या माथी सगळा दोष मारला की कटातील बाकीची माणसे सहज निसटतात.

आता दुसरा प्रश्न. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि पेशवेपदी बसलेल्या रघुनाथरावांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ते अमलात येणार नव्हते. रामशास्त्री पद सोडून निघून गेले. नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांच्या गटाने, म्हणजे बारभाईंनी, रघुनाथरावांना दूर केले आणि नारायणरावांचा मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा सवाई माधवराव याच्या नावाने राज्य चालवले. महंमद इसफ, खरगसिंग आणि तुळाजी पवार पुढे हाती लागले आणि त्यांना देहदंड झाला. सुमेरसिंग शिक्षा होण्याआधीच मेला. रघुनाथराव मात्र इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७५चा सुरतेचा तह आणि त्यातून उद्भवलेले पहिले इंग्रज-मराठे युद्ध, हे त्या दुपारचेच पुढचे पान आहे. ते १७८३ साली कोपरगावी वारले.

आपण ज्या दरवाजापाशी उभे होता, तो जांभूळ दरवाजा असावा. नारायणरावांचे शव तेथून बाहेर नेले, म्हणून त्याला नारायण दरवाजा म्हणू लागले. आतील इमारत पाहायला मिळत नाही, कारण २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत सगळे जळून गेले. उरली ती जोती. त्या जोत्यांवर उभे राहून दालनांची कल्पना करावी लागते.

सांजसावली

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. वाटसरू यांनी हाकेची गोष्ट वगळायला सांगितली आहे. माझी आजी शाळेत गेली नव्हती. तिने रामशास्त्र्यांचे नाव ऐकले होते की नाही, मला ठाऊक नाही. पण वाड्यावरून जाताना ती माझा हात घट्ट धरत असे आणि म्हणत असे, “इथं एका पोरानं आपल्या माणसाला हाक मारली आणि त्यानं ऐकली नाही.” तिने कागदपत्रांतले काहीही न वाचता गोष्टीचा गाभा अचूक पकडला होता. भूत आहे असे मुलाला सांगू नये, हे मान्य. परंतु लोकांनी ती हाक अडीचशे वर्षे कानात का जपली, हेही इतिहासाचेच अंग आहे आणि ते वगळू नये.

तटाखाली

सांजसावली, आपले म्हणणे पटले. आजींचे वाक्य मी लक्षात ठेवीन. माझा आक्षेप गोष्टीला नाही. अमावास्येला तटाबाहेर थांबून मोबाईलवर चित्रीकरण करणाऱ्यांचा मात्र मला मनस्वी राग येतो.

वाड्याविषयी दोन गोष्टी राहिल्या. ज्या सवाई माधवरावांच्या जन्माने बारभाईंना बळ दिले, ते ऑक्टोबर १७९५मध्ये याच वाड्यात माडीवरून खाली पडले आणि दोन दिवसांनी गेले. वय एकवीस. तोल गेला की उडी घेतली, यावर वाद आहे. पुढे एप्रिल १८०१मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देऊन मारवले. त्यांचे भाऊ यशवंतराव यांनी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला, बाजीराव पळाला आणि वर्षअखेरीस वसईच्या तहाने इंग्रजांच्या हाती गेला. त्यानंतर पुणे प्रांतात भीषण दुष्काळ पडला.

नदीकाठ

शनिवारवाड्यावरून थेट बुधवारात वळू नका. आधी ओंकारेश्वरापर्यंत चालत जा. अंतर दहा मिनिटांचे आहे.

ओंकारेश्वराचे देऊळ सुंदर आहे, दगडी, नऊ कळसांचे आणि नदीकडे तोंड केलेले. त्याच्या आसपास पूर्वी शहराचे दहन चाले. चिमाजी आप्पांची समाधी येथे आहे. वसई जिंकणारा हा सेनापती डिसेंबर १७४०मध्ये वारला आणि त्याची पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. वसईचा विजय आपण प्रत्येक पुस्तकात वाचतो, पण सती गेलेल्या या तरुण बाईविषयी एका ओळीपलीकडे काही सापडत नाही. थोरले माधवराव १७७२ साली थेऊरला वारले तेव्हा रमाबाई सती गेल्या आणि त्यांच्याविषयी आपण फार आदराने बोलतो. आदर असावा, परंतु मुलाला हेही सांगावे की जी बाई जळली ती माणूस होती.

तेथून नदीच्या कडेने लकडी पुलाकडे या. पानिपतच्या पराभवानंतर, १७६१ साली, हा पूल लाकडाचा बांधला गेला. परत येणारे सैन्य याच पुलावरून शहरात आले, असे आमच्याकडे सांगतात. आजचा पूल दगडी आहे, नाव मात्र लाकडाचेच राहिले.

बरोबर दोनशे वर्षांनी, १२ जुलै १९६१ रोजी, हाच पूल पाण्याखाली गेला. माझे वडील तेव्हा अकरा वर्षांचे होते आणि आमचे बिऱ्हाड नारायण पेठेत तळमजल्यावर होते. पानशेतचे धरण पुरते बांधून होण्यापूर्वीच त्या पावसाळ्यात भरू लागले होते. बुधवारी सकाळी ते फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासलाही फुटले आणि दुपारपर्यंत पाणी पेठांत शिरले. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून बांध सावरला, त्यामुळे धरण रात्री फुटण्याऐवजी दिवसा फुटले आणि कितीतरी माणसे वाचली. वडिलांना पाण्याची आठवण कमी आहे. त्यांना आठवतो तो नंतरच्या चिखलाचा वास, आणि आईने धान्याची कोठी उघडल्यावर काही न बोलता तिचे झाकण पुन्हा लावले तो क्षण. आमचा वाडा आता राहिलेला नाही. पण नदीलगतच्या पेठांत काही जुन्या भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा अजून आहेत. मुलाला त्या भिंतीशेजारी उभे करावे. पाणी त्याच्या डोक्यावरून किती हात वर होते, ते त्याला कोणी न सांगता कळेल.

मोडीवाचक

मी हौसेने मोडी शिकलो आणि गेली काही वर्षे जमेल तेव्हा जुने कागद वाचतो. तटाखाली यांनी नारायणरावांबरोबर चापाजी टिळेकरांचे नाव घेतले, याचा आनंद झाला. परंतु त्या दुपारी एकूण अकरा माणसे मारली गेली. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी दिलेल्या तपशिलानुसार त्यांत नारायणरावांसह सात ब्राह्मण, दोन मराठा नोकर आणि दोन दासी होत्या. पेशव्यांचे नाव साऱ्या देशाला माहीत आहे. टिळेकरांचे नाव जाणकारांना ठाऊक आहे. त्या दोन दासींची नावे मी आजवर कोठेही वाचलेली नाहीत.

पेशवेकालीन कागदांत ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ हे शब्द वारंवार येतात. त्यांचा अर्थ मोलकरीण असा घेऊ नये. या विकत घेतलेल्या, बक्षीस दिलेल्या किंवा शिक्षा म्हणून गुलाम केलेल्या स्त्रिया होत्या. बदकर्माचा आरोप सिद्ध झाला असे ठरवून सरकार एखाद्या स्त्रीला कोठीत, पागेत वा गोठ्यात कायमची कामाला लावू शकत असे, किंवा विकू शकत असे. बैल आणि घोडे यांच्याप्रमाणे त्यांच्या किमती हिशेबात लिहिलेल्या आहेत आणि विक्रीवर कर आहे. पहिल्यांदा अशी नोंद वाचली तेव्हा मला वाटले, आपले अक्षर लावण्यात चूक झाली असावी. मी ती ओळ तीनदा वाचली.

म्हणून माझी विनंती अशी आहे. शनिवारवाड्याच्या जोत्यांवरून फिरताना दिवाणखाने कोठे होते हे जसे सांगाल, तसे मुदपाकखाना, कोठी आणि गोठा कोणाच्या हातांनी चालत होता हेही सांगा. मस्तानीबाईंचे उदाहरण मुलाला लवकर समजेल. पहिल्या बाजीरावांच्या अखेरच्या दिवसांत त्यांना घरच्यांनीच कैदेत ठेवले होते. त्यांच्या कोथरूडच्या महालाचे अवशेष शुक्रवार पेठेतील राजा केळकर संग्रहालयात पुन्हा उभारलेले आहेत. वाटेवरच आहे, जमल्यास पाहावे.

जुनीवेस

बुधवार चौकाकडे आलात की दोन जागा समोरासमोर म्हणाव्यात इतक्या जवळ आहेत. त्यांतून शहराच्या दोन वेगळ्या रात्री कळतात.

पहिली कोतवाल चावडी. आज दगडूशेठ गणपतीच्या उत्सवाचा मांडव जेथे पडतो, तिला अजून याच नावाने ओळखतात. नाना फडणिसांच्या काळात घाशीराम हा शहराचा कोतवाल होता. त्याच्या हाती रात्रीची गस्त, परवाने, दंड आणि हेरगिरी हे सारे होते, आणि त्यावर विचारणारा कोणी नव्हता. ऑगस्ट १७९१मध्ये दक्षिणा घेण्यासाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या संशयावरून त्याच्या माणसांनी कोंडून ठेवले आणि त्यांतील अनेक जण गुदमरून मेले. शहर खवळले, नानांनी घाशीरामाला लोकांच्या हवाली केले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. कोंडलेल्यांचा मृत्यू भयंकर होताच, परंतु ज्या सत्तेने चौदा वर्षे त्याला पोसले तिने एका दिवसात त्याला जमावापुढे टाकून स्वतःचे हात धुतले, हे मला अधिक अस्वस्थ करते.

दुसरी जागा भिडेवाडा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा येथे सुरू केली. मूळ वाडा डिसेंबर २०२३मध्ये स्मारकासाठी पाडला गेला, त्यामुळे जुनी वास्तू दाखवता येणार नाही. शाळा ही उजेडाची गोष्ट आहे, मग ती या फेरीत कशाला, असे कोणी विचारील. शाळेत शिकवायला जाणाऱ्या बाईवर याच गल्ल्यांतून शेण आणि चिखल फेकला गेला. फेकणारे हात परके नव्हते, पेठांतल्याच घरांतले होते.

फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून मांग वा महार गेला तर त्याचे शिर उडवून गुलटेकडीच्या मैदानात चेंडूदांडू खेळत, असे तिने त्यात लिहिले आहे. आज गुलटेकडी म्हटले की आपल्याला भाजीपाल्याचे मार्केट यार्ड आठवते.

नारायण_पेठ

अत्यंत नम्रपणे असहमती नोंदवतो. या धाग्याचा रोख हळूहळू केवळ पेशवाईवर येत चालला आहे. मुरार जगदेवाने गाव जाळले, त्याला एक परिच्छेद. पेशव्यांच्या वाट्याला दहा. गळ्यातील मडके, पाठीला बांधलेला झाडू, सावली लांब पडते म्हणून सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर वेशीत येण्यास मनाई, या गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. त्यांचा समकालीन सरकारी हुकूम कोणी दाखवील का? चौदा वर्षांच्या मुलाला सांगायचे तर पुराव्यानिशी सांगा.

मोडीवाचक

पुरावा मागणे योग्यच आहे. सावलीच्या वेळांची गोष्ट इंग्रजी अमलात लिहिलेल्या जातिविषयक ग्रंथांतून आणि त्यांच्या आधारे नंतरच्या अभ्यासकांकडून आली आहे. मडके आणि झाडू यांविषयी डॉ. आंबेडकरांनी लिहिले आहे. समकालीन हुकूम मी स्वतः वाचलेला नाही, हे स्पष्ट सांगतो. परंतु हुकूम लिहिणारे कारकून कोण होते आणि ज्यांच्यावर तो लागू होता त्यांना लिहिण्याची मुभा होती का, हा प्रश्नही पुराव्याइतकाच महत्त्वाचा आहे. मुक्ता साळवे हिने लिहिले तेव्हा पेशवाई बुडून सदतीस वर्षे झाली होती. तिच्या वस्तीतील म्हाताऱ्या माणसांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. त्या समाजाच्या हातचे इतके जुने लिखाण फार थोडे उरले आहे. ते फुली मारून बाजूला ठेवण्याचे धैर्य मला होत नाही. मुलाला दोन्ही सांगता येईल, की हे सरकारी कागद आहेत आणि ही एका मुलीची साक्ष आहे.

नारायण_पेठ

‘एका मुलीची साक्ष’ म्हणून सांगायला माझी हरकत नाही. तो निबंध मी वाचलेला नव्हता, वाचतो.

परिचारिका

मी सेवानिवृत्त परिचारिका आहे, म्हणून प्लेगाविषयी लिहिते. १८९७च्या पुण्याची खूण सांगणारी एकही ठळक पाटी पेठांत नाही, तरी या फेरीत सर्वांत अधिक पावले त्याच इतिहासावरून पडणार आहेत.

मुंबईत १८९६च्या पावसाळ्यानंतर आलेला प्लेग त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा झाला, वॉल्टर चार्ल्स रँड यांना प्लेग समितीचे प्रमुख नेमले गेले आणि मार्चमध्ये सुमारे नऊशे सैनिक घरझडतीला उतरले. रोगी शोधणे, त्याला रुग्णालयात आणि घरच्यांना छावणीत हलवणे, घर चुन्याने धुणे, जमीन खणणे, सामान जाळणे. साथ रोखायची तर अलगीकरण आवश्यक होते, हे मी माझ्या व्यवसायाच्या अनुभवावरून सांगते. परंतु ते बंदूकधारी परदेशी शिपायांच्या हातून करवले गेले. ते देवघरात जोड्यांसह शिरत, बायकांना उघड्यावर उभे करून काखेत आणि जांघेत गाठी तपासत. मग लोकांनी रोगी लपवायला सुरुवात केली. एका रात्रीत माणूस गेला तरी शेजारी रडण्याचा आवाज जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबलेल्या बायकांच्या आठवणी माझ्या सासूबाईंनी त्यांच्या सासूबाईंकडून ऐकल्या होत्या. लपवलेला रोगी घराला रोग देतो. म्हणजे भीतीने साथ वाढवली.

त्या वर्षी गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी शिपायांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांचे आरोप तेथे मांडले. परतल्यावर पुरावा मागितला गेला तेव्हा कोणीही साक्षीला उभे राहीना आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. काय घडले असेल आणि कोण कशासाठी गप्प राहिले असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

२२ जून १८९७ रोजी, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची रात्र असताना, गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ, तर रँड ३ जुलैला मेला. दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिन्ही भाऊ आणि त्यांचे सहकारी महादेव रानडे येरवड्यात फासावर गेले. गणेशखिंड रस्त्यावरची ती जागा पेठांपासून दूर आहे, तेथे बसने जावे.

त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात आणले आणि त्यांनाच लागण झाली. त्यांचा वाडा गंज पेठेत आहे. जुनीवेस यांनी सांगितलेल्या भिडेवाड्यापासून तेथपर्यंत चालत गेलात तर शेण झेलणारी आणि रोगी मूल उचलणारी बाई एकच होती, हे मुलाला पायांनी कळेल.

कसबेकर

परिचारिका यांच्या प्रतिसादाला जोडून सांगतो. सदाशिव पेठेतील खुन्या मुरलीधर विसरू नका. गद्रे सावकारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले हे देऊळ. मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी झालेल्या रक्तपातावरून हे नाव पडले, असे सांगतात. पुढे फेब्रुवारी १८९९मध्ये चाफेकरांची माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंचा खून याच पेठेत झाला. नव्या पिढीतील कित्येकांना वाटते की नाव त्या खुनावरून आले. नाव शंभर वर्षे आधीचे आहे.

सांजसावली

वाटेत बुधवार पेठेतील ज्या गल्ल्यांत आज देहविक्रय चालतो, तेथेही काही ‘वारसा फेऱ्या’ जातात आणि लोक छायाचित्रे काढतात. कृपया तसे करू नये. मोडीवाचक यांनी ज्या स्त्रियांविषयी लिहिले त्या आता कागदावर आहेत, या मात्र आपल्यासमोर जिवंत उभ्या आहेत.

तटाखाली

पूर्ण सहमत. १९७६-७७ सालच्या हत्यासत्राच्या जागाही या यादीत घालू नयेत असे मला वाटते. त्या कुटुंबांची माणसे याच शहरात राहतात. किती वर्षांनी एखादे दुःख इतिहास होते, याचा नियम मला सांगता येणार नाही, परंतु ते अजून झालेले नाही.

खडूफळा

मी तीस वर्षे इतिहास शिकवला. मूळ धाग्यातील दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही म्हणून लिहितो. वाटसरू, चौदा वर्षांच्या मुलाला जरूर सांगा. मुक्ता साळवे हिने तो निबंध लिहिला तेव्हा ती साधारण त्याच वयाची होती. आपला मुलगा जे ऐकू शकेल की नाही असे आपण विचारत आहात, ते तिने जगून मग लिहिले होते.

सावधगिरी एवढीच की सगळे एका सकाळी उरकू नका. कसबा, शनिवारवाडा, ओंकारेश्वर, बुधवार चौक, खुन्या मुरलीधर आणि लकडी पूल मिळून साडेतीन-चार किलोमीटर होतात. पाय दमणार नाहीत, पण मन दमते. माझ्या वर्गाला मी एका वेळी दोनच जागा दाखवत असे आणि नंतर कोठेतरी बसून मुलांना बोलू देत असे. मुले बराच वेळ काही बोलत नाहीत. तेव्हा आपणही गप्प राहावे.

वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खडूफळा यांचा सल्ला मानून परवाच्या रविवारी आम्ही फक्त कसबा, शनिवारवाडा आणि ओंकारेश्वर एवढेच केले. बुधवार आणि गंज पेठ पुढच्या वेळी.

सातला निघालो. लालमहालापाशी गाढवाच्या नांगराची गोष्ट सांगितली, तेव्हा मुलाने विचारले की गाव जाळल्यावर माणसे कोठे गेली. मला ठाऊक नव्हते आणि मी तसे सांगितले. वाडा उघडल्यावर जोत्यांवर उभे राहून तटाखाली यांनी लिहिलेले सगळे त्याला वाचून दाखवले. सांजसावली, आपल्या आजींचे वाक्यही सांगितले. तो नारायण दरवाजापाशी बराच वेळ थांबला. दरवाजा इतका लहान कसा, एवढेच म्हणाला.

ओंकारेश्वराच्या पायरीवर बसल्यावर त्याने वही काढली आणि एक ते अकरा आकडे घातले. नारायणराव आणि चापाजी टिळेकर ही दोन नावे लिहिली. बाकीची शोधून काढायची असे त्याने ठरवले आहे. दहा आणि अकरा या आकड्यांपुढे त्याने ‘दासी’ असे लिहून पुढे जागा सोडली आहे. मोडीवाचक, ही नावे कागदांत मिळण्याची काही शक्यता आहे का? तो मला रोज विचारतो आहे.

मोडीवाचक

खात्री देता येणार नाही, पण शोधता येईल. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. वाड्यातील कुणबिणींना दिलेल्या लुगड्यांच्या आणि शिध्याच्या नोंदींत कधीकधी नावे असतात. ऑगस्ट १७७३च्या आधीची आणि नंतरची यादी समोरासमोर ठेवून पाहावी लागेल. त्याला मोडी शिकायची इच्छा असेल तर मी रविवारी सकाळी मोकळा असतो. शाईचे पेन आणि रेघी वही घेऊन या.